जुन्या सॅक्सोफोनची पारख

पितळेच्या मोडीचा भाव मला आयुष्यात एकदाच नीट कळला, आणि ज्या दिवशी कळला त्या दिवशी मी मोठ्या खुशीत होतो. थोरले काका जाऊन वर्ष झाले होते. माळा आवरायला काढला तेव्हा एक फुटके घंगाळ, दोन बिनझाकणाचे डबे, एक समई आणि काकांचा सॅक्सोफोन एवढा ऐवज खाली आला. काका लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवीत. लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात स्वतःच्याच चपला, अशी त्यांची स्वारी वरातीपुढे चाललेली मी लहानपणी पाहिली होती. आणि खरे सांगायचे तर शाळेतल्या मित्रांसमोर तिची मला लाजच वाटे. मोडवाल्याने सारे एकाच तागडीत घातले. सॅक्सोफोनच्या चाव्यांखाली कातड्याच्या गाद्या असतात. त्या वजनात धरायला तो तयार होईना, म्हणून त्याने पक्कड घेऊन चाव्याच उपटून काढल्या. मी तागडीच्या काट्याकडे पाहत उभा होतो. आलेल्या पैशांतून मी एक शब्दकोश घेतला. तो कोश आजही माझ्या टेबलावर आहे.

त्या वाद्यावर काय अक्षरे कोरलेली होती, कोणता क्रमांक होता, ते कोणत्या गावी घडले होते, हे मी पाहिलेही नाही. पुढे कधीतरी एका मासिकात जुन्या सॅक्सोफोनची छायाचित्रे पाहिली आणि पोटात खड्डा पडला. तेव्हापासून या वाद्याविषयी हाती लागेल ते वाचण्याचा मला नाद लागला. वाजवता मला एक सूर येत नाही. पण एखाद्याला स्वयंपाक न येता चव कळावी, तशातली माझी गत आहे, हे वाचकांनी आरंभीच समजून घ्यावे.

हे सगळे आठवण्याचे कारण असे की गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी काळी पेटी घेऊन दारात उभा राहिला. त्याचे आजोबाही बँडवाले. आमच्या काकांचे जोडीदार असावेत. ते वारल्यावर पेटी पलंगाखाली पडून होती. धाकट्या बहिणीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत महिन्यावर आली होती, आणि या मुलाने मोबाइलवर कोठेतरी वाचले होते की जुने सॅक्सोफोन लाखांनी विकले जातात.

"सर, नंबर पण सापडलाय," तो म्हणाला. "अकरा लाख एकोणीस हजार नऊशे चौपन्न. एवढा मोठा नंबर म्हणजे फार दुर्मिळ असणार ना?"

मी चष्मा लावला. मनात म्हटले, देवा, या खेपेला तरी डोळे उघडे ठेव.

आता त्या मुलाला अर्ध्या वाटेत थांबवून मी वाचकांना बेल्जममध्ये नेणार आहे. त्याला इलाज नाही, कारण वाद्याची पारख करायची तर त्याचे कुळ ठाऊक असावे लागते.

बहुतेक वाद्यांचा बाप कोण हे कोणाला सांगता येत नाही. सनई कोणी केली, सारंगी कोणी केली? पण सॅक्सोफोनला चांगला नावगाव असलेला बाप आहे. अडॉल्फ साक्स हा ६ नोव्हेंबर १८१४ रोजी म्यूज नदीकाठच्या दिनाँ या गावी जन्मला. बापही वाद्ये घडवणाराच. या पोराच्या कुंडलीत सगळेच ग्रह वक्री असावेत. तो जिन्यावरून पडला, टाचणी गिळून बसला, दारूच्या भडक्यात भाजला, नदीत वाहून जाता जाता वाचला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हे सारे खरे असो वा थोडे तिखटमीठ लावलेले असो, पुढच्या आयुष्यात माणसांनी त्याला जे भोगायला लावले त्यापुढे ते काहीच नव्हे.

१८४२ मध्ये तो पॅरिसला आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेर्लिओझ या थोर संगीतकाराने वर्तमानपत्रात त्याच्या नव्या वाद्याची तोंड भरून स्तुती केली. कल्पना अशी होती: क्लॅरिनेटसारखी एकेरी वेताची पत्ती, पण नळी मात्र पितळेची आणि शंकूसारखी, तोंडाशी अरुंद व पुढे रुंद होत गेलेली. या शंकूतच सारी गंमत आहे. क्लॅरिनेटची नळी सरळसोट असते. तिच्यात जोराने फुंकले की सूर एका सप्तकाच्याही पुढे, बाराव्या सुरावर उडी मारतो आणि बोटांचा हिशेब बदलतो. शंकूच्या नळीत तो नेमका वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर जातो. आपली सनईही शंकूच आहे, म्हणून तिचेही तसेच. साक्सने सनई पाहिली होती की नाही कोण जाणे, पण आमच्या बँडवाल्यांना हे वाद्य परके वाटले नाही याचे एक कारण मला यातच दिसते.

२२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर दोन लष्करी बँडांचा जाहीर सामना झाला, एक जुन्या पद्धतीचा आणि दुसरा साक्सच्या वाद्यांचा. मैदानावर लोकांची तोबा गर्दी होती. साक्सने बाजी मारली. लष्कराने त्याची वाद्ये घ्यायचे ठरवले आणि २८ जून १८४६ रोजी त्याला सॅक्सोफोनचा एकस्वाधिकार मिळाला. झाले, पॅरिसमधले झाडून सारे वाद्य कारखानदार एक झाले. खटल्यांवर खटले, त्याचे कारागीर फोडणे, त्याने नवे काही केलेच नाही असे न्यायालयात सिद्ध करण्याची खटपट. त्यात १८४८ ची क्रांती होऊन राजा पळाला आणि लष्करी कंत्राटही गेले. १८५२ मध्ये साक्सचे दिवाळे वाजले. पुन्हा उभा राहिला. १८५७ पासून तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी वादकांना सॅक्सोफोन शिकवू लागला. १८७० च्या युद्धात तो वर्गही बंद पडला. १८७३ मध्ये दुसरे दिवाळे, १८७७ मध्ये तिसरे. त्या वेळी त्याने जन्मभर जमवलेली चारशेहून अधिक वाद्ये लिलावात गेली. १८९४ मध्ये तो गरिबीत वारला. शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, बेल्जमने त्याचे चित्र दोनशे फ्रँकच्या नोटेवर छापले. जिवंतपणी ज्याच्या हाती पैसा टिकला नाही, त्याला मेल्यावर नोटेवर बसवला! पुढे युरो आला आणि ती नोटही बाद झाली.

एकस्वाची मुदत १८६६ मध्ये संपली आणि वाद्य सर्वांचे झाले. पण आज जुने सॅक्सोफोन म्हणून जे हाती येतात त्यांतले बहुतेक पॅरिसचे नसून अमेरिकेतल्या एल्कहार्ट नावाच्या एका लहान गावचे असतात. इंडियाना राज्यातले हे गाव. तेथे कॉन नावाचा एक कॉर्नेट वाजवणारा गृहस्थ होता. मारामारीत त्याचा ओठ फुटला, वाजवता येईना, म्हणून त्याने कॉर्नेटच्या तोंडाला रबराची कड बसवली. ती लोकांना इतकी आवडली की तिच्यातून कारखाना उभा राहिला. या कारखान्यात ब्यूशर नावाचा कुशल कारागीर होता. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतले पहिले सॅक्सोफोन त्याच्या हातून घडले. पुढे ब्यूशरने आपला वेगळा कारखाना काढला, त्याच गावात मार्टिन यांचाही निघाला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेला सॅक्सोफोनचे असे काही वेड लागले की विचारू नका. आपल्याकडे एके काळी घरोघरी बाजाची पेटी असे, तसे तिकडे दिवाणखान्यात सॅक्सोफोन आले. पियानोच्याच कागदावरून वाजवता यावे म्हणून सी मेलडी नावाची एक जातही निघाली. १९२९ च्या मंदीने वेड ओसरले, १९४२ मध्ये युद्धासाठी कारखान्यांना वाद्ये करणे बंद करावे लागले, पण त्या दहा वर्षांत घडलेली वाद्ये जगभर पसरली ती पसरली.

यातून निघणारी पहिली गोष्ट: जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे. शंभर वर्षांचा सॅक्सोफोन ही काही शिवकालीन तलवार नव्हे. लाखांच्या किमती येतात त्या निराळ्याच वाद्यांना, मुख्यतः पॅरिसच्या सेल्मर कारखान्याने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या 'मार्क सिक्स' या घडणीला. तिची ख्याती एवढी की तिचे पितळ महायुद्धातल्या तोफगोळ्यांची टरफले वितळवून केले, म्हणून तिचा आवाज तसा, अशी दंतकथाच आहे. मला ती पटत नाही. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर हा आल्टोचा बादशहा जो सॅक्सोफोन वाजवत होता तो पितळेचा नव्हताच. लंडनला घडलेला, ग्राफ्टन नावाचा, पांढऱ्या प्लास्टिकचा होता. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकून धातूची महती सांगणाऱ्याने खुशाल सांगावी. सूर हवेच्या खांबाचा असतो. नळीचा आकार, भोकांच्या जागा आणि झाकणांची घट्ट बैठक या गोष्टींवर तो उभा राहतो.

तर आता परत माझ्या ओसरीवर येऊ.

मुलाने सांगितलेला क्रमांक वाद्याच्या पाठीवर, उजव्या अंगठ्याच्या आधाराखाली खरोखरच कोरलेला होता. पण त्याच्या डोक्यावर तारीख होती, ८ डिसेंबर १९१४. हा वाद्याचा क्रमांक नव्हेच. नळीचे पितळच ओढून भोकाची गळपट्टी काढण्याच्या युक्तीला त्या दिवशी जे एकस्व मिळाले त्याचा हा क्रमांक, आणि तो हजारो वाद्यांवर जसाच्या तसा आहे. आमच्या वर्गातल्या प्रत्येक पुस्तकावर एकाच छापखान्याचे नाव असावे तसे. खरा क्रमांक त्याच्या खाली होता, 'एम' या अक्षराने सुरू होणारा. त्यावरून वाद्य कॉनच्या कारखान्यातले आणि १९२५ च्या आसपासचे ठरले. मुलाचा चेहरा उतरला. पण माझे लक्ष आणखी दोन अक्षरांवर होते.

एक 'ए'. म्हणजे आल्टो. हे पाहणे आवश्यक असते, कारण मघाशी सांगितलेले सी मेलडी दिसायला आल्टोचे थोरले भावंडच असते आणि नवखा माणूस हमखास फसतो. आल्टोचा 'सा' काळी दोनचा, सी मेलडीचा पांढरी एकचा. बाजारात सी मेलडीला फारसे कोणी विचारत नाही.

दुसरे 'एल'. हे अक्षर दिसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. आज जगात मध्य सप्तकाचा 'ए' सेकंदाला ४४० आंदोलनांचा धरतात. शंभर वर्षांपूर्वी अशी एकवाक्यता नव्हती. अनेक बँड त्याहून चढ्या पट्टीत वाजत. अमेरिकेत ही चढी पट्टी ४५७ च्या घरात होती, ब्रिटिश लष्करी बँडांची ४५२ च्या आसपास. कारखाने दोन्ही पट्ट्यांची वाद्ये करीत आणि खालच्या पट्टीवर 'एल', चढ्यावर 'एच' कोरीत. ब्रिटिश पलटणींनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस चढी पट्टी सोडली आणि ती वाद्ये निरुपयोगी झाली. चढ्या पट्टीचा सॅक्सोफोन आजच्या पेटीबरोबर वाजवायला घ्या. तो पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत राहतो. माउथपीस बाहेर ओढून एखादा सूर जुळेल, पण बाकीच्या भोकांची अंतरे आखूड ती आखूडच. चांदीचा मुलामा झळझळीत असो, पेटी मखमलीची असो, 'एच' असेल तर ते वाद्य शोभेचे. आमच्या काकांच्या वाद्यावर 'एच' होता की 'एल', हा प्रश्न मला त्या क्षणी पडला आणि त्याचे उत्तर मिळायची वाट मीच बंद केली आहे हेही आठवले.

मग मी ते वाद्य खिडकीशी नेले. वरून काळे पडले होते. हे वाईट लक्षण नव्हे. चांदी काळी पडते, समईसारखी पुसता येते. वाईट ते निराळेच. कोणी हौसेने घासूनपुसून नवे वार्निश चढवले असेल तर कोरीव नक्षीच्या कडा बोथट होतात आणि भोकांचे काठ झिजतात. असे चकचकीत वाद्य पाहिले की जाणता माणूस हात मागे घेतो. पितळेवर गुलाबी ठिपके असतील तर आतले जस्त निघून जाऊन धातू कुजू लागलेला असतो. या वाद्याच्या बेलवर, म्हणजे पुढच्या कर्ण्यावर, दोन पोचे होते, ते निघतात. पण नळी एका डोळ्याने न्याहाळली तर ती पार रेषेत होती, आणि याला फार महत्त्व आहे. वाद्य पडून नळी केसभर जरी वाकली, तरी लांबलांब दांड्यांवर बसवलेल्या चाव्या अडखळतात आणि झाकणे भोकांवर बसत नाहीत. मान मात्र किंचित खाली दबली होती. घाईत माउथपीस दाबून बसवणाऱ्यांच्या हातून असे होते. वरातीला उशीर झाला की बँडमास्तर ओरडतो, त्याचा तो परिणाम.

भोकांचे काठ बोटाने चाचपले तर ते बाहेरच्या बाजूला गोल वळवलेले लागले. ही त्या काळच्या कॉनची खूण. दिसायला सुरेख आणि गादीला मऊ, पण एक अडचण आहे: असा काठ वेडावाकडा झाला तर कानस लावून सपाट करता येत नाही, वळलेली कडच उघडी पडते. एखाद्या उत्साही कारागिराने तेथे कानस चालवली असेल तर वाद्य कायमचे बिघडले म्हणून समजावे. येथे ती चाललेली नव्हती. हे वाद्य कोणी फारसे दुरुस्तच केले नव्हते, हे त्याचे भाग्य.

"म्हणजे सर, किती येतील?" मुलाने विचारले.

मी खरे ते सांगितले. लाख नाहीत. आहे तसे विकले तर मोडीपेक्षा थोडे जास्त. दुरुस्त होऊन वाजू लागले तर बहिणीची पहिल्या वर्षाची फी कदाचित निघेल. दुरुस्तीला पैसे लागतील, आणि ते आधी घालावे लागतील. तो गप्प बसला. घरी ते नव्हते हे मला ठाऊक होते. माझ्याजवळ एका कादंबरीचे थोडे मानधन आलेले होते. बायकोला विचारले. ती म्हणाली, "घाला. नाहीतरी तुम्ही काकांचं ते अजून घेऊन बसलायच."

मुंबईला एका जुन्या चाळीत एक वृद्ध गोवेकर कारागीर अशी कामे करतात. त्यांच्या खोलीत शिरलो आणि मला या वाद्याचा आपल्याकडचा सारा इतिहास तेथे दिसला. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलावच्या आपापल्या गावच्या कुडांतून राहिली, आणि हॉटेलांतले, सिनेमातले बँड त्यांनी भरून टाकले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा निग्रो वादक आपला जाझचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. १९३९ पासून १९६० पर्यंत त्याच ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड वाजला. स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि ही मंडळी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेली. तेथे पुढे आल्टो म्हटले की मनोहारी सिंग हेच नाव. १९३१ मध्ये कलकत्त्यास जन्मलेला हा नेपाळी घराण्यातला वादक १९५८ मध्ये मुंबईला आला आणि २०१० मध्ये वारला. सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन यांच्या किती गाण्यांत त्याचा सॅक्सोफोन आहे हे मोजायला बसू नये. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात हे वाद्य ऐकले आणि त्यावर चक्क कर्नाटक संगीत वाजवून दाखवले. तेही २०१९ मध्ये गेले. आणि या सर्वांच्या हातून उतरलेली, जुनी झालेली वाद्ये कोठे गेली? आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी, लाल डगल्यांच्या हाती. मुलाच्या आजोबांनी हे वाद्य १९६० नंतर केव्हातरी धोबीतलावच्या एका गोवेकराकडूनच हप्त्याने घेतले होते, असे पुढे त्याच्या आजीने सांगितले.

कारागिरांनी खोलीचे दार लोटले, दिवा मालवला आणि एक बारीक बल्ब तारेने वाद्याच्या पोटात सोडला. मग एकेक चावी अलगद मिटू लागले. जेथून गादी बसत नव्हती तेथून उजेडाची कोर बाहेर पडे. नवरात्रातल्या घटाच्या दिव्यासारखे ते वाद्य सगळीकडून पाझरत होते.

"सर, हे वाजत नाही असं नाही," ते म्हणाले. "हे श्वास धरत नाही."

सॅक्सोफोनमध्ये खालचा सूर काढायचा तर वरची सगळी झाकणे एकाच वेळी हवाबंद बसावी लागतात. वर एक जरी फट राहिली तरी खालचे सूर गुरगुरतात. वादक मग जास्त जोराने फुंकतो, ओठ आवळतो, आणि दोष स्वतःला देतो. आमचे काका अखेरअखेर खालचे सूर टाळीत. वय झाले, दम राहिला नाही, असे ते म्हणत आणि आम्हीही म्हणत असू. त्या अंधाऱ्या खोलीत मला प्रथमच वाटले की कदाचित दोन-चार गाद्याच फाटल्या असतील.

तीन आठवडे काम चालले. मी दोनदा जाऊन बसलो, कारण शाळेला सुट्टी होती आणि कारागिरांना माणूस बसलेला आवडत असे. आधी चाव्या सुट्या करून धुतल्या. ज्या नळ्यांवर त्या फिरतात त्या झिजून सैल झाल्या होत्या. त्यांना चिमट्याने गोल दाबून नेमके घट्ट केले. हे न करता नव्या गाद्या घालणे म्हणजे डगमगत्या चौकटीला नवे दार लावणे. मान सरळ केली, पोचे आतून कांब घालून उचलले. मग गाद्या. गादी म्हणजे पुठ्ठा, त्यावर फेल्ट, त्यावर पातळ कातडे. आणि ती झाकणात चिकटवायची ती लाखेने. होय, आपल्याच पळस-बोरांवर किडे जी करतात ती लाख. झारखंडच्या जंगलातून ती जगभर जाते. झाकण दिव्यावर तापवायचे, लाख वितळली की गादी भोकावर टेकवून इकडून तिकडून केसभर सरकवायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा बल्ब घालून पाहायचे. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी काठाखाली धरून ओढायची. सगळीकडून सारखी अडली पाहिजे. वीस-बावीस झाकणे, आणि प्रत्येकाला असे चारपाचदा.

"लाख मिळणार म्हणून आला होतास ना?" मी मुलाला म्हटले. "ही बघ मिळाली." तो प्रथमच हसला.

नंतरचे काम सर्वांत किचकट. एका चावीने दोन-तीन झाकणे एकदम मिटतात, आणि ती त्याच क्षणी मिटली पाहिजेत. नव्या वाद्यांत याला स्क्रू असतात. या जुन्यात बुचाचे पातळ काप आणि कागदाचे कपटे लावून मेळ घालायचा. झाकण किती उघडावे यालाही माप आहे. फार उघडले तर सूर चढतो, कमी उघडले तर घुसमटतो.

शेवटी माउथपीसचा प्रश्न आला. पेटीत तो नव्हता. कारागिरांनी आपल्याजवळचा एक नव्या धाटणीचा, आत अरुंद पोकळीचा, झणझणीत आवाजाचा लावून पाहिला. खालचे सप्तक जुळवले की वरचे चढे. वरचे उतरवावे तर खालचे बसे. मी घाबरलो. ते शांतपणे म्हणाले, "वाद्याची चूक नाही. याचा जुना आणा."

याचे इंगित असे आहे. सॅक्सोफोनची नळी शंकू आहे खरी, पण शंकूचे टोक कापलेले आहे, नाहीतर फुंकायचे कोठून? त्या कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढीच माउथपीसच्या पोकळीत मावावी लागते. १९२५ च्या वाद्यांचा हिशेब त्या काळच्या प्रशस्त, गोल पोकळीच्या माउथपीसवर बांधलेला. आजचा अरुंद लावला की हिशेब चुकतो, आणि लोक म्हणतात जुनी वाद्ये बेसूर! कितीतरी चांगली वाद्ये या एका अज्ञानापायी बदनाम झाली आहेत. जुने वाद्य घेणाऱ्याने त्याच्या पेटीचा कानाकोपरा शोधावा, तो एवढ्यासाठी.

मुलगा खाली पाहत म्हणाला, "सर, तो आजीकडे आहे. देव्हाऱ्यात."

गिऱ्हाईक मडगावचा एक तरुण होता; रविवारी चर्चमध्ये आणि इतर दिवशी हॉटेलात वाजवणारा. कारागिरांनीच त्याला सांगितले होते. तो मुद्दाम आमच्या गावी आला. वाद्य हाती घेतले, पाठीवरची अक्षरे वाचली, सगळ्या चाव्या नुसत्याच मिटून पाहिल्या. फटफट असा एकसारखा आवाज आला तेव्हा त्याने मान हलवली. मग सगळे आजीकडे पाहू लागले.

आजी उठली. देव्हाऱ्यातून हळदीकुंकू लागलेला तो काळा माउथपीस तिने आणला. वरच्या बाजूला दोन खळगे पडले होते, वरच्या दातांचे. चाळीस वर्षे एकाच जागी दात टेकले की कठीण रबरातही खळगा पडतो. पट्टीखाली आजोबांची शेवटची रीड तशीच आवळलेली होती, पिवळी पडून टोकाला फाटलेली. तरुणाने तो कपाळाला लावला, पुसला, आपली नवी रीड बसवली आणि वाजवले. खालून वरपर्यंत, सावकाश. मला त्यातले फार कळत नाही; पण खालचा तो अगदी तळचा सूर आला तेव्हा भिंतीवरच्या फोटोची काच थरथरली, एवढे मी पाहिले.

"वरातीचं येतं का रं बाळा तुला?" आजीने विचारले.

त्याला येत नव्हते. आजीने दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. त्याने त्या उचलल्या. गल्लीतली पोरे दारात जमली.

पैसे मोजून झाले. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाची अनामत त्यात भागत होती, माझे दुरुस्तीचे पैसे मी नंतर घ्यायचे ठरले. पेटी मिटायची वेळ आली तेव्हा तरुणाने माउथपीस काढून आजीपुढे धरला. "हा नसला तर याचा सूर लागणार नाही, आजी," तो म्हणाला. "पण तुमचा आहे. ठेवायचा असेल तर ठेवा. मी दुसरा शोधतो."

आजीने तो पदराने पुसला, उलटासुलटा करून पाहिला आणि पेटीतल्या त्याच्या खोबणीत आपल्या हाताने ठेवला. मग म्हणाली, "मास्तर, ती जुनी पत्ती कुठं टाकली त्यानं?"

ती चटईवर पडली होती. मी उचलून दिली. आमच्या बोरूच्याच जातीच्या वेताची, बोटाएवढी, फाटकी ढलपी. ती तिने देव्हाऱ्यात, माउथपीसच्या जागी ठेवली, आणि चहाचे आधण चढवायला आत गेली.